अठरा नावं

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
३ नोव्हेंबर

प्रिय मोनाली,

फोन करू नका, मेसेज तर नकोच, काही सांगायचं असेल तर कागदावर लिहा, असा निरोप तू जाताना आईकडे ठेवून गेलीस. त्याला सात आठवडे झाले. रोज उद्या लिहू म्हणत होते. बारा-पंधरा वर्षांत मी हाताने पत्र लिहिलेलं नाही, अक्षराचे कोंबडीचे पाय झालेत, तेवढं चालवून घे.

आधी कामाचं. समितीने तारीख दिली आहे, १९ जानेवारी. खाडीच्या तोंडाशी टाकलेल्या भरावाबद्दल तक्रारदारांचं म्हणणं ऐकणार आहेत. फोटो तू काढलेले, तारखा तू लिहिलेल्या. तिवरं कधी तोडली आणि कुठल्या दिवसापासून ओहोटीला बोटी निघेनाशा झाल्या, हे तुझ्याइतकं नीट कुणालाच सांगता येणार नाही. जबाब अठरा जणींनी दिले होते. त्यातल्या अकरा आता म्हणतात, आमचं नाव काढा. मी त्यांना दोष देत नाही. नावं कुणालाही कळणार नाहीत असं आम्ही सांगितलं होतं, आणि तीच यादी उलव्यापासून जासईपर्यंत सगळ्यांच्या फोनवर फिरली. एकेकीला नाव घेऊन फोन आले. तुझ्या बाबतीत काय केलं ते मी लिहीत नाही. तुझा चेहरा दुसऱ्याच कुणाच्या अंगावर चिकटवलेले ते फोटो मलाही कुणीतरी पाठवले होते. मी उघडले नाहीत, एवढं तुला माहीत असावं.

संस्थेचं ठीक चाललंय. सत्यजीतला, म्हणजे आमच्या साहेबांना, वर्षअखेरचा अहवाल हवाय. किती मानवाधिकार रक्षकांना डिजिटल सुरक्षेचं प्रशिक्षण दिलं, असा एक रकाना आहे. त्यात तू आहेस, तुझी आईही आहे. गंगाबाईंना मी एकदा म्हटलं होतं, तुम्ही मानवाधिकार रक्षक आहात. तर म्हणाल्या, मी कोलंबी विकतंय.

प्रितेशचं तुला कळलंच असेल. तुझा भाऊ जासईला कंटेनर यार्डात कामाला, भराववाल्याचे ट्रेलरही त्याच यार्डात उभे राहतात, आणि यादी पहिल्यांदा दिसली ती तिथल्याच एकाच्या फोनवर. गावाला एवढं पुरलं. गावकी बसली आणि ठरलं, त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याला बोटीवर घ्यायचं नाही, घरात तर नाहीच. सगळ्यात आधी हात वर केला तो तुझ्या वडिलांनी. आता तो उलव्याला बांधकामावरच्या चार जणांबरोबर एका खोलीत राहतो. तू त्याच्याबद्दल काय धरून चालली आहेस, मला ठाऊक नाही. इतक्यात काही पक्कं धरू नकोस.

डोळे दुखतात, थांबते. तारीख लक्षात ठेव.

तुझी
कुमुदताई


१९ नोव्हेंबर

प्रिय मोनाली,

तुझं उत्तर नाही. श्रीवर्धनला टपाल पोचायला किती दिवस लागतात, हे आमच्या ह्यांनी पोस्टात जाऊन विचारून आणलं. कृष्णकांतना निवृत्तीनंतर असली कामं आवडतात. पाकिटावर तिकीटही तेच चिकटवतात आणि एकदा हाताने दाबून बघतात. मला काही विचारत नाहीत.

परवा उलव्याला गेले होते. प्रितेश भेटला. बारीक झालाय. यार्डातली नोकरी त्याने सोडली, कारण तिथे लोक पाठीवर थाप मारून म्हणायचे, बरं काम केलंस. गावात गद्दार आणि यार्डात शाबासकी, दोन्ही न केलेल्या कामाची. आता एका इमारतीवर वायरमनच्या हाताखाली जातो. चहा पिताना त्याने मला सरळ विचारलं. म्हणाला, "ताई, तुमी कॉम्प्युटरवाल्या. ते कुणी उगडला, तुमाला तरी दिसत असल ना?"

मी म्हटलं, बघते.

मोनाली, मी बघितलं होतं. २० सप्टेंबरलाच. ११ सप्टेंबरच्या सकाळी नऊ चाळीसला कुणीतरी आपलं ते ऑनलाइन खातं, जबाब ठेवलेलं, अनोळखी फोनवरून उघडलं. पासवर्ड पहिल्याच फटक्यात बरोबर टाकला. जबाब, नावं, पत्ते, सगळं उतरवून घेतलं आणि अकरा मिनिटांत बाहेर पडला. तुझ्या फोनवरून काही गेलं नाही. तेव्हा प्रितेशने तुझ्या फोनात डोकावून यादी दिली, असं जे बोलतात, त्यात तथ्य नाही. त्या वेळी तो यार्डात हजेरी लावून कामावर होता, तेही मी विचारून घेतलं आहे.

मग गावात का सांगितलं नाही, असं तू विचारशील. तांत्रिक गोष्ट आहे, लोकांना समजावणं कठीण. शिवाय पासवर्ड घरातलाच होता, त्यालाही माहीत असेल आणि त्याने दुसऱ्या कुणाला सांगितला असेल, असंही म्हणतील. तो जरा सोपा होता, सगळ्यांच्या लक्षात राहावा म्हणून ठेवलेला. कुणी ठेवला, याला आता काही अर्थ नाही.

गेल्या वर्षी तुमच्याच समाजमंदिरात मी सामाजिक बहिष्काराच्या कायद्यावर तासभर बोलले होते, आठवतं? वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, म्हणून. तुझे वडील धर्मराजदादा पहिल्या रांगेत होते. मान डोलावत होते.

थकवा येतो गं. काम केल्याने येत नाही, काम केलं असं लिहून देताना येतो.

कुमुदताई


७ डिसेंबर

प्रिय मोनाली,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. कृष्णकांतनी खालून आणून टेबलावर उलटं ठेवलं होतं. म्हणजे त्यांनी वाचलं. पोस्टकार्ड आहे, वाचणारच. आणि तू ते कार्डावरच पाठवलंस, पाकिटात नाही, हेही कळलं.

"पासवर्ड आईने सुचवला. टाइप तुम्ही केलात. मी तिथेच होते."

बरोबर आहे. मीच केला.

एप्रिल होता. समाजमंदिरातला पंखा नुसता फिरत होता, वारा कुणाला लागत नव्हता. बायकांना तीनच्या आत बाजारात बसायचं होतं. मी भिंतीवर चित्रं दाखवून सांगत होते, पासवर्डात जन्मतारीख नको, मुलांची नावं नकोत, मोठं अक्षर हवं, चिन्ह हवं. तीनदा नवा पासवर्ड केला आणि तीनदा सगळ्या विसरल्या. कागदावर लिहायचा नाही हेही मीच बजावलेलं. मलाही भूक लागली होती. शेवटी म्हटलं, असं काहीतरी सांगा, जे तुम्ही मेलात तरी विसरणार नाही. गंगाबाईंनी खिडकीतून धक्क्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, बोटीचा नंबर ठेव.

सगळ्या हसल्या. मीही हसले. खरोखरच तुमच्याकडे पोर आधी बोटीचा नंबर शिकतं, मग बाराखडी. दुसऱ्याची बोट लांबून येताना नंबरावरूनच ओळखता. त्या खोलीत एकीलाही तुमच्या बोटीचा नंबर सांगावा लागला नाही. मी म्हटलं, सध्या ठेवू, पुढच्या वेळी बदलू. आणि खात्यात नंबर टाकला. जो नंबर बोटीच्या दोन्ही अंगांना हातभर उंच अक्षरांत रंगवलेला असतो आणि कायद्याने तसा रंगवावाच लागतो.

तेवढंच नाही. कोड मागणारी दुसरी पायरी होती ना, ती मी बंद केली. कोड तुझ्या फोनवर यायचा, आणि लॅबमध्ये कामावर असताना तू फोन खिशात ठेवायची नाहीस. रक्ताचे नमुने घेताना कोण फोन बघेल? सारखं अडत होतं. ती पायरी सुरक्षेसाठीच आहे, असं सांगत मी गावोगाव हिंडते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. घरी येऊन अहवालात लिहिलं, "महिला गटासाठी सुरक्षित व्यवस्था उभारली." ते वाक्य अजून तिथे आहे.

हे सगळं मी सत्यजीतला सांगितलं. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, १९ जानेवारीपर्यंत गप्प राहा. आत्ता बोललात तर अकराच्या अठरा होतील, समोरचा वकील म्हणेल की यांचे पुरावेच विश्वासाचे नाहीत, आणि आणखी चाळीस गट आपल्या भरवशावर आहेत, ते पळतील. प्रितेश तरुण आहे, महिना-दीड महिना काढेल.

मी मान डोलावली. तुझ्या वडिलांसारखीच.

धक्क्यावर उभं राहून कुणीही तो नंबर वाचू शकलं असतं. तसंच झालं असणार.

कुमुदताई


१८ डिसेंबर

प्रिय मोनाली,

आधी काल पाहिलेलं सांगते. मग राहिलेलं.

काल उलव्याच्या बाजारात गेले होते. गंगाबाई नेहमीच्या जागी, शेजारी तुमच्याच गावच्या आणखी तिघी. माझ्या पुढे प्रितेश उभा होता, गिऱ्हाइकांच्या रांगेत, हातात पिशवी. त्याची पाळी आली. तो काही बोलला नाही, नुसतं बोट दाखवलं. गंगाबाईंनी मान वर केली नाही. बोयटं निवडली, पिशवीत घातली. मग टोपलीतल्या दोन चिंबोऱ्या घेतल्या, नांग्या नीट बांधल्यात का ते पाहिलं, आणि त्याही पिशवीत टाकल्या. त्याने मागितल्या नव्हत्या. शेजारच्या तिघी दुसरीकडे बघत होत्या. तो गेल्यावर गंगाबाई मला म्हणाल्या, काय देऊ. मी म्हटलं, काही नको. खरंच मला काही विकत घेता आलं नाही.

तो दर आठवड्याला येतो. आईच्या हातचं मिळावं म्हणून रांगेत उभा राहतो, आणि ती गावाच्या डोळ्यांदेखत त्याला गिऱ्हाईक करते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी आजवर भाषणात वापरलं होतं. बघितलं नव्हतं.

आता राहिलेलं. मागच्या पत्रात मी लिहिलं की धक्क्यावरून कुणीही नंबर वाचला असेल. वाचता येतो. पण तोच पासवर्ड आहे, हे त्याला कुणी सांगितलं, हा प्रश्न तुला पडला असेल. तू हुशार आहेस, पडलाच असेल. पुन्हा कार्ड येण्याआधी मीच सांगते.

मी सांगितलं.

जुलैमध्ये देशभरातल्या संस्थांची ऑनलाइन बैठक होती, दोनशेच्या वर माणसं. गावपातळीवरचे अनुभव सांगा म्हणाले. दुपारची वेळ, सगळे पेंगत होते. मी म्हटलं, एक गंमत सांगते, आमच्या कोळणींनी पासवर्ड काय ठेवला असेल? बोटीचा नंबर! म्हटलं, बघा, आपण शिकवतो एक आणि लोक आपलं शहाणपण घेऊन येतात. सगळे हसले. पडद्यावर हसरे चेहरे वर वर जात होते. मला फार बरं वाटलं, मोनाली. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी माझं ऐकतंय असं वाटलं. गावाचं नाव मी घेतलं नाही, तेवढी अक्कल मला होती. पण माझ्यामागे फोटो लावलेला होता, तू आणि गंगाबाई धक्क्यावर उभ्या, आणि मागे तुमची बोट. फोटो मीच निवडला होता. छान हसताय तुम्ही दोघी त्यात.

त्या बैठकीचं चित्रण दोन महिने सगळ्यांना बघायला खुलं होतं. तुला फोटो काढताना पाहणाऱ्या भराववाल्याच्या माणसांनी तुझं नाव टाकून शोधलं असेल, तर चित्रणाखाली फोटोची ओळ होती, तिच्यात तुझं नाव होतं. २१ सप्टेंबरला मी ते काढून टाकायला लावलं. कारण सांगितलं, आवाज नीट नाही.

तेव्हा २१ सप्टेंबरपासून मला सगळं ठाऊक आहे. प्रितेशने चहा पिताना विचारलं तेव्हा ठाऊक होतं. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा ठाऊक होतं. मला लाज वाटते, आणि लाजेपेक्षाही कंटाळा येतो, स्वतःचाच. तीन महिने मी एका पोराचं घर बंद ठेवलं, माझं हसं होऊ नये म्हणून.

रविवारी गावकी बसते. मी जाणार आहे. सत्यजीतला सांगितलेलं नाही. तुझी परवानगी मागत नाही, फक्त कळवते. कृष्णकांत म्हणाले, मी येतो सोबत. मी नको म्हटलं.

कुमुदताई


२६ डिसेंबर

प्रिय मोनाली,

मी गेले आणि बोलले.

समाजमंदिरात पुरुष खुर्च्यांवर, बायका मागे सतरंजीवर. मला खुर्ची दिली. मी उभीच राहिले, कारण बसले असते तर बोलणं झालं नसतं. कॉम्प्युटरचा एकही शब्द न वापरता सांगायचं ठरवलं होतं आणि सांगता आलं. म्हणजे लोकांना समजणार नाही, हे जे मी तुला लिहिलं होतं, ते खोटंच होतं. म्हटलं, तुमच्या घराची किल्ली मी दारावर टांगली, आणि चार लोकांत जाऊन हसत हसत सांगितलं की किल्ली दारावर आहे. प्रितेशने काही केलेलं नाही. मला हे तीन महिन्यांपासून माहीत आहे.

मग धर्मराजदादांनी विचारलं, "तीन म्हैने?"

मी हो म्हटलं.

"आन तुमी माज्या घरी येऊन चाय पीत व्हत्या."

मी त्यालाही हो म्हटलं. ऑक्टोबरात मी दोनदा आले होते, कागदांवर सह्या घ्यायला.

मागून कुणीतरी म्हणालं, मग आता हिलाच वालीत टाका. दोघं-तिघं हो हो म्हणाले. खरं सांगू, मला जरा बरं वाटलं. काहीतरी शिक्षा होईल, मग ती भोगून संपेल. पण धर्मराजदादांनी मान हलवली. आवाज चढवला नाही. म्हणाले, "यांना कशी टाकशील? या आपल्यातल्या हायत कुटं? वालीत आपलाच मानूस टाकतां येतो."

एवढं बोलून ते चपला घालून निघून गेले. मोनाली, वीस वर्षं मी गावोगाव हिंडतेय, आणि प्रत्येक गावात आपल्याला आपलं मानतात असं समजत आलेय. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं.

ते कुठे गेले, हे मला गंगाबाईंकडून दुसऱ्या दिवशी कळलं. चालत उलव्याला गेले. खोलीबाहेर उभे राहिले, हाक मारली नाही. प्रितेश बाहेर आला. दादांनी म्हणे एवढंच विचारलं की भरती कितीला हाय. प्रितेशने वेळ सांगितली. मग दोघं चालत परत आले. माफी कुणी मागितली नाही. हात तर दादांनीच आधी वर केला होता, ते दोघांनाही ठाऊक आहे. प्रितेश बोटीवर जातो, घरी जेवतो, बापाशी कामापुरतं बोलतो. गावकीतले इतर सगळे काही झालंच नाही असे वागतात. मी कायद्याबद्दल काही बोलले नाही. मला तोंड नव्हतं.

सत्यजीत संतापला. चार आठवडे थांबता आलं नाही का, म्हणाला. त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही, कारण त्या अकरांतल्या पाच जणी कायमच्या गेल्या. सहा परत आल्या. गंगाबाई एकेकीच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, नावं तर सगल्यांना ठाव झाली, आता लपवून काय करायचा? म्हणजे सध्या तेरा आहेत. तू आलीस तर, तुझी जागा तशीच आहे. माझ्यासाठी येऊ नकोस. मी समितीसमोर नसेन, संस्थेतूनही महिनाअखेर बाहेर पडतेय. अहवालातलं ते वाक्य खोडून खरं काय झालं ते लिहिलं, आणि खाली सही केली.

एक काम मात्र माझ्याच हातून व्हायचं होतं, कारण खातं माझ्या नावावर होतं. काल गंगाबाई घरी आल्या, पहिल्यांदाच. चहा नको म्हणाल्या. खातं त्यांच्या नावावर करून दिलं, दुसरी पायरी सुरू केली, कोड त्यांच्याच फोनवर. मग नवा पासवर्ड टाकायची वेळ आली. त्यांनी कॉम्प्युटर आपल्याकडे ओढला आणि म्हणाल्या, "ताई, तोंड तिकडं करा."

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागे एकेक अक्षर टाकल्याचा आवाज येत होता, बराच वेळ, मध्ये थांबून थांबून. लांबलचक असावा. दोनदा टाकला, दोन्ही वेळा बरोबर. मी वीस वर्षांत इतकं चांगलं कुणाला शिकवलं नव्हतं.

त्यांच्यासोबत प्रितेश होता, खाली थांबला होता. जाताना वर आला. तुझा पत्ता त्याने मागितला. मी दिला नाही. तुला विचारल्याशिवाय देणार नाही, म्हटलं. त्यावर तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसला, आणि कागद मागितला. आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून त्याने तुला लिहिलं, पाठपोट. घडी घातली. मग कृष्णकांतांचा स्टेपलर घेतला आणि माझ्यासमोर चारी बाजूंनी पिना मारल्या, एकेक दाबून.

तो कागद या पाकिटात आहे. जसा दिला तसा आहे. उघडताना पिना बोटाला लागतील, जपून काढ.

कुमुद